मागे उभं राहिलेलं माणूस

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते अण्णा बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातले फोटोग्राफर. गिऱ्हाइकाला श्वास रोखून बसवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

"हलू नका! स्वल्प थांबा! श्वास नको!" पासपोर्टच्या फोटोलाही हेच. मुलं रडत, मोठी माणसं लाल होत. अण्णा लेन्सचं छिद्र कायम बारीक ठेवत. त्याने पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येई, पण उजेड कमी पडे, म्हणून वेळ लागे. एका लग्नात नवरीइतकाच मागे नाक कोरणारा मामा स्पष्ट आला. नवरीचे वडील भांडायला आले, तर अण्णा म्हणाले, "मागं उभारला म्हणून काय माणूस नव्हं का तो?"

मी अथणीकडून कॉलेजात शिकायला आलेलो, स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहायचो. रविवारी कॅमेरा शिकायचो. मला मासिकातल्यासारखं हवं होतं, चेहरा लख्ख आणि मागचं सगळं धूसर.

"छिद्र पुरं उघड की मग," अण्णा कुरकुरत शिकवायचे. "डोळ्यावर फोकस धर. मागचं पुसलं जातंय. पुसणं सोपं आहे रे."

दुकानात डेलियाच्या फुलाचा एक फोटो होता. दरवर्षी अण्णा तोच आणखी मोठा करून लावत. एकदा मी विचारलं, "फुलामागे ते पांढरं काय आहे?"

"आमची शांता, माझी बायको. लालबागेत. लेन्स नवी होती, ऐट दाखवत होतो. त्याच साली शांता गेली. दुसरा फोटो नाही." मग खाली बघत म्हणाले, "मोठा केला की चेहरा येईल वाटतंय."

मोठं केल्याने चेहरा येत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

पदवी मिळाली तेव्हा माझे वडील, अप्पा, गावाहून आले. घराण्यातला पहिला पदवीधर मी, भाड्याच्या काळ्या झग्यात. अप्पांच्या सदऱ्याला खांद्यावर ठिगळ होतं. मी अण्णांच्या कानात म्हणालो, "अप्पांना मागे खांबाशी उभं करू. छिद्र पूर्ण उघडा."

अण्णा कॅमेऱ्यावर वाकले. "सरी, बरं." आणि ओरडले, "श्वास धरा!"

उघड्या लेन्सला इतका वेळ लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. फोटोत ठिगळ टाक्यांसकट आलं. मी तो ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि अण्णांशी न बोलताच नोकरीच्या गावी निघून गेलो. तीन वर्षांनी त्यांना पत्र लिहिलं, ते असं:

तीर्थस्वरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात अप्पा वारले. भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मग ट्रंकेतून तुमचा काढला. त्यात अप्पा माझ्या पाठीकडे बघून हसतायत. तेव्हा मला ठिगळच दिसलं होतं. आईने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे माझ्याच हातचे.

मी तुमच्यावर रागावून गेलो. क्षमा करा.

पुढच्या रविवारी येतो आहे. तुमचाही फोटो कुणाकडे नसेल. डेलियाच्या शेजारी उभे राहा. छिद्र अगदी बारीक ठेवीन. मी सांगेपर्यंत हलू नका.