नानांना हसणारी हवी होती

कांद्याच्या ढिगावर टाकलेलं जुनं कापड दिसलं, की आमचे नाना गाडी थांबवतात. मोटरसायकल त्यांची, मागे मी. ते उतरतात, बांधावरून सरळ आत घुसतात आणि कापडाचा कोपरा उचलून खालची बाजू बघतात. शेतकऱ्याला वाटतं, व्यापारी आला. कुत्र्यांना वाटतं, चोर आला. मला कुत्र्यांचं जास्त पटतं.

नाना म्हणजे नगरातले माझे शेजारी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. टॉकीजवर लावायचे हातानं रंगवलेले जुने बॅनर गोळा करायचा त्यांना नाद आहे. फ्लेक्स आल्यावर टॉकीजवाल्यांनी हे बॅनर मागेल त्याला देऊन टाकले. ऑइलपेंटमुळे त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून ते गावोगाव कांद्यावर नि कडब्यावर जाऊन पडले, चित्र खाली आणि पाठ वर. नाना नवी ताडपत्री देतात आणि जुनं कापड घेऊन येतात.

बरं, आणलं तर सगळं ठेवावं ना? छे. हिरो कापून वॉचमनला स्कूटर झाकायला. खलनायक गच्चीवर, पाण्याच्या टाकीखाली. ठेवायची फक्त हिरॉईन, आणि तीही एकाच पेंटरच्या हातची. सिनेमा कुठलाही असो, ह्या पेंटरची बाई तीच. रुंद कपाळ, जिवणी जराशी तिरकी. ह्या गड्याला दुसरा चेहरा येतच नव्हता, असं मी एकदा बोलून गेलो, तर नानांनी बरेच दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

त्यात घरात जमलेल्या सगळ्या बाया रडक्या. त्या काळचे सिनेमेच तसले. नानांचा हट्ट मात्र एकच, मला हसणारी हवी. अनोळखी माणसाच्या अंगणात उभे राहून ते खुशाल विचारतात, तुमच्याकडे हसणारी आहे का हो? सोनईत हे ऐकून एका म्हाताऱ्यानं काठी उचलली होती. मार मीच खाणार होतो, कारण पुढे मी होतो.

मागच्या महिन्यात काष्टीच्या बाजाराहून परतताना एका वस्तीवर ढीग दिसला. गाडी थांबली. नानांनी कोपरा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

शेतकरी म्हणाला, "लई जुनं हाय वो ते. नवी ताडपत्री देत असाल तर घिऊन जावा."

आम्ही दोघांनी ओढून ते उलटं केलं. अर्धा भाग कुजून गेला होता. बाईचा चेहरा तेवढा शाबूत होता, बाजेएवढा मोठा. आणि ती हसत होती, चांगली दात दिसेपर्यंत. नाना मटकन खाली बसले. ऊन लागलं असावं म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

"राव, हा पेंटर माझा बाप," नाना म्हणाले. "आणि ही माझी आई."

ती गेली तेव्हा नाना रांगत होते. घरात तिचा एकही फोटो नाही. वडिलांनी तिचं नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. हिरॉईन ओळखू येत नाही म्हणून टॉकीजचा मालक दर वेळी कावायचा. वडील मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या बॅनरवर पुन्हा तीच बाई काढायचे. हे सगळं नानांना आत्यानं सांगितलं, तेही वडील गेल्यावर. तुझं हसणं अगदी आईचं आहे, असंही ती म्हणाली होती. ते खरं की आत्यानं आपलं समजूत घालायला म्हटलेलं, हे ताडून बघायला नानांकडे हसणारी आईच नव्हती.

मी बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

नानांनी रुमालानं तिच्या चेहऱ्यावरची कांद्याची टरफलं हळूच झटकली. मग ते त्या कापडावर, तिच्या गालाशी जाऊन बसले आणि माझ्याकडे तोंड केलं.

"बघा बरं, जमतंय का," ते म्हणाले.

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ओठ नुसते थरथरत राहिले. पुन्हा केला, तर डोळेच भरून आले.

मी म्हणालो, "हो नाना. हुबेहूब."