अकरा घासांची मोहीम

हुजुरांची आज्ञा जाहली की, सिसिली बेटावरील मोन्तेफेर्ला नामे डोंगरगावी ऑगस्ट मासी जे रण माजले, त्याची साद्यंत हकीकत लिहून पाठविणे. त्यास सेवकाने जे डोळां देखिले आणि जे न्हाव्याच्या दुकानी बसोन ऐकिले, ते सर्व येथे उतरिले आहे. कोणाची भीड धरिली नाही. पदरचे तिखटमीठ लाविले नाही, लाविले असल्यास बेताचेच.

पूर्वपीठिका ऐसी जे. दोन हजार वर्षांमागे या मुलखी एउनो नामे एक गुलाम होता. शाम म्हणजे सिरिया देशीचा राहणारा, धन्याच्या पंगतीस हजर असे, आणि मेजवानीत पाहुण्यांस रिझविण्याकरिता म्हणे की, देवीने मज दृष्टांत दिला, मी राजा होणार. मग पाहुणे पोट धरधरोन हसत आणि पुसत की, राजा जाहलास तर आमचे काय करशील? आणि ताटातील एखादा घास त्याच्या हाती ठेवून म्हणत, आमची आठवण राहू दे हो. पुढे खरोखरच हजारो गुलाम उठले आणि हा राजा जाहला, आणि ज्यांनी घास दिला होता त्यांस त्याने अभय दिले. पोकळ अक्रोडास भोके पाडून आत निखारा ठेवावा, तो दातांत धरून फुंकावा आणि मुखातून ज्वाळा काढाव्या, ही त्याची विद्या. तात्पर्य, तलवारीपेक्षा तोंडावर राज्य मिळविलेला पुरुष.

परंतु जनांस ऐसा बंडखोर रुचत नाही. बंडखोर म्हटला की छाती पाहिजे. मोन्तेफेर्लाच्या चौकातील पुतळ्यास पोट म्हणून नाहीच, पोटाचे जागी सहा पाव मांडिले आहेत. सदऱ्यांवर एउनो, बिअरच्या बाटलीवर एउनो, आणि सर्वत्र त्याचे दंड ऐसे की त्यास गुलाम करणारा धनीच अधिक शूर म्हणावा.

गावचा दस्तूर ऐसा की, दरसाल ऑगस्टात चौकामध्ये एउनोचे सोंग निघते. प्रथम धन्यांची मेजवानी होते. गावचे अकरा प्रतिष्ठित धनी होतात, कारण की जेवण खरे असते. धनी एउनोस घास देतात आणि तो प्रश्न पुसतात. मग बंड होते, अक्रोडाची आग निघते, आणि शेवटी कारंज्यापाशी न्यायनिवाडा. ज्याने घास दिला त्यास अभय, ज्याने दिला नाही तो कपड्यांसकट हौदात. गाव वर्षभर जगतो तो या हौदासाठी.

हे एउनोपद एकोणीस साले लिबोरिओ सान्फिलिप्पो यांजकडे चालत आले. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, मस्तक तुळतुळीत, उदर उदार, आणि पेशा लग्नकार्यात वाढप्याचा. चाळीस वर्षांत त्यांणी या गावची एक पंगत सोडली नाही, लग्नाची असो की तेराव्यासारख्या दुखवट्याची. बापाने मरतेसमयी त्यांस घर दिले नाही, अक्रोडाची विद्या दिली.

तो यंदाचे साली अघटित वर्तले. सोंगसमितीचे अध्यक्ष, औषधालयाधिपती, श्रीमंत राजमान्य डॉन गास्पारे तुम्मिनेल्ली यांच्या मनी आले की, आपला एउनो पोस्टरवर शोभत नाही. मग मसलत बसली आणि कॉफी आली आणि ठराव लिहिला गेला की, यंदापासून एउनोपदी व्यायामशाळेचे तरुण सरदार केविन स्काल्या यांची नेमणूक करावी, छाती चव्वेचाळीस, आणि त्यांस नखशिखांत तेल लावावे. समितीतील एका वृद्धाने अदबीने अर्ज केला की, जुन्या ग्रंथी लिहिले आहे, एउनो शेवटी सापडला तेव्हा गुहेत त्याचेसोबत एक आचारी, एक पाव भाजणारा, एक न्हाऊ घालणारा आणि एक विदूषक इतकेच होते. यावर डॉन गास्पारे यांणी फर्माविले की, हा मजकूर पोस्टरवर मावत नाही. आणि मग पुसिले, "आणि तो दरवर्षीचा टकल्या, त्याला कळवा कुणीतरी. नाव काय त्याचं?"

कोणासच आठवेना. त्या क्षणी डॉन गास्पारे यांच्यापुढे कॉफीचा पेला ठेवणारा हात लिबोरिओंचा होता.

लिबोरिओ घरी आले आणि खुर्चीवर ऐसे बसले की जणू खुर्चीनेच त्यांस बसविले. त्यांची पत्नी आगातिनाबाई, जिव्हेची तिखट, वांगी तळीत होती. तिने सर्व मजकूर ऐकोन घेतला आणि झारा उगारला.

"मग? तू काय म्हणालास त्याला?"

"साखर किती, म्हणालो."

"अरे देवा! त्याच्या लग्नात कोणी वाढलं? पोरीच्या बारशाला कोणी वाढलं? आई गेली तेव्हा रडत रडत तीन वेळा सूप मागून घेतलं मेल्यानं, ते कोणी दिलं? आणि नाव काय म्हणे!"

"जाऊ दे गं. त्याची काय चूक. माणसं ताटाकडे बघतात, वाढणाऱ्याकडे कोण बघतं?" आणि त्यांणी डोळे पुसिले. "मला एक दिवस पुरत होता, आगातिना. वर्षातला एक दिवस तीच माणसं मान वर करून मला विचारायची, आमचं काय करशील. थट्टेनं का होईना. बघायची तरी."

आगातिनाबाई झाऱ्यासकट जवळ आली आणि तिने त्यांच्या टकलावर हात फिरविला, त्यास थोडे तेल लागले. मग म्हणाली, "रडू नकोस. तो केविन अक्रोड फुंकायच्या ऐवजी गिळेल बघ."

वर जखमेवर मीठ म्हणून समितीचा हुकूम आला की, लिबोरिओ यांणी सोंगाचे दिवशी मेजवानीस वाढप करावे. म्हणजे राजाचा थेट वाढपी केला. लिबोरिओ यांणी हुकूम वाचिला, घडी घातली आणि खिशात ठेविला. आणि तरी आदले दिवशी हात ऐकेनात म्हणोन अक्रोड कोरून, भोके पाडून, सिद्ध करून तोही ॲप्रनच्या खिशात टाकिला.

इकडे सरदार केविन यांची तयारी काय वर्णावी! चार महिने उकडलेली कोंबडी आणि पाण्यातला भात, तोही तोलून. तळलेले वर्ज्य, गोड वर्ज्य. आणि कातडी स्नायूंस चिकटोन रेषा उठाव्यात म्हणोन शेवटचे दोन दिवस पाणीही वर्ज्य. पोर मनाचे निर्मळ, परंतु त्यास कोणी सांगितले नव्हते की या सोंगात खावे लागते. पुतळ्याकडे पाहून तयारी केली, आणि पुतळा कधी काही खाताना कोणी देखिला आहे?

सोंगाचा दिवस उजाडला. उन्हाने दगड तापले. चार वाजता शिंगे वाजली, ताशे वाजले, आणि चौकात तीन हजार माणूस जमा जाहले. अकरा धनी जुन्या रोमी धन्यांसारख्या चादरी पांघरून मेजाभोवती स्थानापन्न जाहले. मध्ये डॉन गास्पारे, शिरी सोन्याच्या पानांचा मुकुट, आणि मुकुटाखाली केशसंभार. तो केशसंभार विकतचा होता हे सर्व गाव जाणून होता, आणि गाव जाणतो हे फक्त डॉन गास्पारे जाणत नव्हते. मग सोंगातले तीस गुलाम साखळदंडांत आले, आणि त्यांमागे सरदार केविन साखळदंडांसह प्रवेशले, तेलाने ऐसे झळकत की पुढच्या रांगेतील बायांनी डोळ्यांवर हात धरिला, बोटांत फटी ठेवून.

मग डॉन गास्पारे यांणी दस्तुराप्रमाणे ताटातील खरपूस सॉसेजचा तुकडा उचलोन पुढे केला आणि खड्या आवाजात प्रश्न केला की, हे गुलामा, राजा जाहलास तर आमचे काय करशील?

केविन यांणी तुकड्याकडे पाहिले आणि आवंढा गिळिला. मग हळूच म्हणाले, "नको, सर. यात चरबी असते."

"अरे, खा! घास आहे तो!"

"तळलेलं नाही चालत मला. वांगं उकडलेलं आहे का?"

डॉन गास्पारे यांचा हात तुकड्यासह हवेतच राहिला. सॉसेजचे तेल चादरीवर ठिपकू लागले. मग जनांस उमज पडला. एउनोने घास नाकारिला. घास नाही तर अभय नाही. मागील ओटीवरून एका म्हातारीने पहिली आरोळी दिली, "हौदात!" आणि मग तीन हजार मुखांतून एकच गर्जना उठली, "अकराच्या अकरा हौदात!" आणि तरणी पोरे बाह्या सरसावोन मेजाकडे मोर्चे बांधू लागली.

डॉन गास्पारे यांचा हात प्रथम केशसंभाराकडे गेला. मग त्यांणी चहूकडे नजर फेकिली की, कोणी तरी खाणारा मिळावा. तो शेजारीच तबक धरून उभे लिबोरिओ.

"ए, तू! तू खा हा! लवकर!"

लिबोरिओ यांणी तबक सरळ केले. चाळीस वर्षांत वाढप करीत असता प्रथमच त्यांस कोणी पंगतीत खा म्हणाले होते, आणि प्रथमच त्यांस भूक नव्हती.

"वाढपी पंगतीत खात नाही, डॉन गास्पारे."

"मी सांगतोय ना!"

"मीठ मागा, आणतो. घास एउनो खातो, आणि मी काही एउनो नाही." आणि खिशातून तो घडीचा हुकूम काढून मेजावर ठेविला. "तुमचीच सही आहे ना ही?"

मोर्चे दहा पावलांवर आले होते. मग श्रीमंतांनी कागदी रुमाल ओढिला, लेखणी मागितली, आणि त्याच ठायी सनद लिहावयास बसले की, एउनोपद तहहयात बहाल करण्यात येत आहे, श्री... आणि लेखणी थांबली. त्यांणी मान वर केली.

"नाव?"

"लिबोरिओ."

"लिबोरिओ काय?"

"सान्फिलिप्पो. तुमच्या लग्नात मासा मी वाढला होता. दोनदा."

डॉन गास्पारे यांणी लिहिले. लिहिताना कान लाल जाहले, हे सेवकाने डोळां देखिले. मग ते उभे राहिले, आणि थट्टेचा लवलेश नाही ऐशा कापऱ्या स्वरात पुसिले, "लिबोरिओ, तुम्ही राजा झालात तर आमचं काय कराल?"

त्यास राजांनी पहिला हुकूम केला तो ऐसा, "आधी त्या पोराला पाणी द्या, पडेल तो."

केविन खरेच डुलत होते. लिबोरिओ यांणी त्यांस बाकावर टेकविले, घागरीतले पाणी पाजिले, आणि तबकातील अरांचीना, म्हणजे भाताचा तळलेला गोळा, फोडून हातावर ठेविला. पोराने चावा घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढिले.

"काका, आत चीज आहे!"

"हो रे बाळा. सावकाश खा. तू आमचा सेनापती."

मग प्रत्यक्ष मोहीम सुरू जाहली. अकरा धनी, अकरा घास, आणि कोणीही घास लहान देईना, कारण ज्याचे त्यास भय. सॉसेज पडले, आंबटगोड वांगी पडली, मेंढीचे चीज पडले, धन्यांतील नोटरींनी अख्खे भरले सार्डिन मासे सारिले. सातव्या घासास राजांचा कमरबंद तुटला. आठव्यास आगातिनाबाईने गर्दीतून हाकाटी केली, "श्वास घे रे!" नवव्यास घाम आला आणि दहाव्यास डोळे फिरले, परंतु माघार म्हणून घेतली नाही. अकरावा घास रिकोटा नामे मऊ चीजाने भरलेली गोड नळी होती. तो पोटात गेला आणि चौकाने आरोळी ठोकिली, जणू किल्ला सर जाहला.

मग बंड जाहले आणि तीस गुलामांचे साखळदंड तुटले. राजे पुतळ्यापाशी उभे राहिले आणि खिशातील अक्रोडात निखारा ठेवून फुंकिला. पोटात अकरा घासांची वाफ होती, तिची कुमक मिळोन ज्वाळा ऐसी निघाली की एकोणीस सालांत निघाली नव्हती. डावी मिशी अर्धी रणी पडली. लेकरे किंचाळली, म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण केली. वर पुतळा सहा पावांसह उभा होता, त्याकडे कोणी पाहीना.

मग न्यायनिवाडा. अकराही जणांनी घास दिला होता, सबब अकरांस अभय. गाव हिरमुसला. हौद भरलेला, आणि बुडवावयास कोणी नाही! तो सेनापती केविन, पोटभर जेवोन उन्हाने हैराण, साखळदंडांसकट स्वतःच हौदात उडी घेते जाहले आणि पाण्यावर तेलाचे तवंग पसरोन तरंगू लागले. गाव संतुष्ट जाहला.

इतक्यात राजांनी पुनश्च हात उचलिला आणि शेवटचा हुकूम फर्माविला की, राजा जेवला, परंतु तीस गुलाम सकाळपासून उपाशी आहेत, यांस पंगतीस बसवावे आणि धन्यांनी वाढावे. मग डॉन गास्पारे यांणी लिबोरिओंचा ॲप्रन बांधिला, गाठ मागे की पुढे हे कळेना, ती आगातिनाबाईने मारून दिली. नोटरी पाव वाटू लागले. गुलाम वांग्यांवर तुटोन पडले आणि हाका सुरू जाहल्या, इकडे तेल, तिकडे पाणी, आणि एकही मान ताटावरून वर होईना.

राजे मेजाच्या टोकास बसले होते. उगाच भाकरीचा तुकडा हाती धरोन म्हणाले, "मीठ."

डॉन गास्पारे धावत मीठ घेऊन आले. घामाने चादर अंगास चिकटली होती, केशसंभार एका कानावर आला होता. मीठदाणी ठेवून ते वळणार, तो राजांनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिले.

"गास्पारे, तू जेवलास का?"

श्रीमंत जागच्या जागी उभे राहिले. सकाळपासून मुकुटाच्या गडबडीत त्यांचे खाणे राहिले होते आणि सॉसेजही हातातच निवाले होते. हे त्यांस कोणी पुसिले नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

लिबोरिओ बाकावर सरकले. "मग बस की."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले ते ऐसे, घास अकरा, कमरबंद एक, मिशी अर्धी. कागदी रुमालाची सनद चौकट करोन आगातिनाबाईच्या चुलीवर टांगिली आहे, तिजवर वांग्याच्या तेलाचे डाग पडले आहेत ते खरे समजावे. पोस्टरावर अद्याप छातीचाच एउनो छापितात, त्यास इलाज नाही. परंतु डॉन गास्पारे आता कोठेही पंगतीस बसले की आधी वाढप्याचे नाव पुसतात आणि मग मीठ मागतात. इतके वर्तमान प्रत्यक्ष पाहून लिहिले, ते हुजुरांस श्रुत व्हावे.