सत्यवतीबाई सध्या आपल्या डोक्यावर आहेत

श्रीमती सत्यवती दादाजी ठवकर, वय सहासष्ट, शिक्षण दुसरी (त्यातली अर्धी), राहणार प्लॉट नंबर बेचाळीस, पाण्याच्या टाकीमागे, बेसा, यांच्या नावावर शासनदरबारी एक ड्रोन नोंदवला गेला. यात वावगं काहीच नव्हतं. त्या घरात जे येई ते बाईंच्याच नावावर येई. गॅस बाईंच्या नावावर, विजेचं मीटर बाईंच्या नावावर, मुलगा सौरव ज्या स्कूटरवर फिरे तीही बाईंच्या नावावर. ड्रोन उडवायची सून रीना. तिनं रीतसर शिकून परवाना काढला होता. सौरव खाली कॉम्प्युटरवर बसून फोटो नीटनेटके करायचा.

"ड्रोन रीनाच्या नावावर घेऊ नं, माय," सौरव म्हणाला होता.

"काहून? मी मेली का?" बाई म्हणाल्या, आणि जीभ दातात धरून दहा मिनिटांत आपली सही पुरी केली.

धंदा जुना होता. बाईंच्या यजमानांचा 'दादाजी फोटो स्टुडिओ'. रामटेकचा गड रंगवलेल्या पडद्यासमोर दादाजींनी चाळीस वर्षं लोक बसवले. कोणाच्या गालावरचा डाग ब्रशनं पुसला, कोणाच्या टकलावर केस उगवले, आणि कोणाचं काय पुसलं नि काय उगवलं हे मरेपर्यंत बायकोलाही सांगितलं नाही. बाईंना स्टुडिओचा अभिमान होता तो या गप्प बसण्याचा. ठवकरांच्या नावावर बोट ठेवायला जागा नव्हती.

मग नियम आला. आकाशातून कोण आपल्याकडे पाहतं हे जनतेला कळावं आणि जनतेचा खासगीपणा अबाधित राहावा, या उदात्त हेतूनं प्रत्येक ड्रोनवर एक ओळखडबी बसवण्याचं फर्मान निघालं. डबीची बॅटरी वेगळी, वर्षभर पुरणारी. डबी बंद करणं हा गुन्हा. ड्रोन ज्याच्या डोक्यावर येईल त्याच्या फोनवर ड्रोनमालकाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर आपोआप उमटायचा. जनतेचा खासगीपणा असा जपला गेला. सत्यवतीबाई जनतेत मोडतात किंवा कसे, याबद्दल परिपत्रक गप्प होतं.

डबी बसवल्यावर पहिलंच काम निघालं ते घराजवळचं. बेसातल्या एका बिल्डरला जाहिरातीसाठी आपला लेआउट वरून कसा दिसतो ते हवं होतं. रीना मैदानात उभी राहून ड्रोन उडवत होती आणि बाई घरी पाटोडीचं बेसन थापत होत्या. इतक्यात मधुकरराव आले. हे निवृत्त वरिष्ठ लिपिक आणि कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष. हातातला फोन त्यांनी समन्सासारखा पुढे धरला होता.

"सत्यवतीबाई, तुम्ही माझ्या गच्चीवर काहून पाहून राहिल्या?"

"मी? मी तं बेसन थापून राहिली. हे पाहा हात."

"हात नका दाखवू. हे वाचा."

"चष्मा आत हाय. तुमीच वाचा."

मधुकररावांनी नोकरीतला आवाज काढला. "सत्यवती दादाजी ठवकर या सध्या आपल्या डोक्यावर एकशे वीस मीटर उंचीवर आहेत."

बाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता.

"मंग इथं खाली कोन बसली हाय?"

"ते मले माहीत नाही. रेकॉर्डवर तुम्ही वर आहात."

"आमच्या घरातून आजवर वर गेले ते एकटे दादाजी. मले धाडायची तुमाले काहून घाई झाली, भाऊ?"

पण रेकॉर्डपुढे बाईंचं काय चालणार? संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट फोन आले. कोणी शिव्या दिल्या, कोणी "लाज नाही वाटत या वयात?" असं विचारलं, आणि एकानं लग्नाच्या शूटिंगचा भाव विचारून मग शिव्या दिल्या. बाईंनी प्रत्येकाला पाटोडी थापल्याचं सांगितलं. त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही, कारण पाटोडीचा मेसेज कोणालाच आला नव्हता.

तक्रारी रीतसर झाल्या. त्यासाठी शहरात 'नभ-ओळख व खासगीपणा संरक्षण कक्ष' स्थापन झालेलाच होता आणि त्याला आजवर एकही तक्रार न मिळाल्यानं तो बंद होण्याच्या बेतात होता. कक्षाचा अर्ज तीन प्रतींत भरायचा होता. रकाना सातवा असा: 'आपली कोणती खासगी बाब पाहिली गेली असावी, तिचे सविस्तर वर्णन करावे व स्पष्ट फोटो जोडावा.' आणि तळटीप: 'कोणाची हरकत असल्यास कळविता यावे म्हणून अर्ज पंधरा दिवस सूचनाफलकावर लावण्यात येईल.'

त्यामुळे ड्रोनला न दिसलेल्या गोष्टी फलकावर दिसू लागल्या. मधुकररावांनी कॉलनीतल्या नऊ जणांना बेकायदा बांधकामाच्या नोटिसा दिल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर संडास-बाथरूमसह एक खोली होती, ती त्यांनी लांबी-रुंदीसकट नोंदवली. हर्षित नावाच्या तरुण नवऱ्यानं बायकोपुढे शपथ घेऊन तंबाखूचा खर्रा सोडला होता. तो पाण्याच्या टाकीआड बसून रोज किती खर्रे खातो ते त्यानं स्वाक्षरीनिशी कळवलं. नंदिनीबाई 'घरच्या गच्चीवर वाळवलेले पापड' विकत. त्यांनी जोडलेल्या फोटोत नुसती गच्ची होती. खासगी बाब या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'पापड नसणे.'

फलकासमोर एवढी गर्दी जमू लागली की शेजारी चहाचा ठेला लागला. अख्ख्या बेसात तो फलक न वाचलेली एकच बाई उरली. "वाचता नाही येत म्हणून नाही गेली," त्या रीनाला म्हणाल्या, "दादाजी असते तं त्यायनं पाठ फिरवली असती, म्हणून नाही गेली."

सुनावणीला सासू-सून गेल्या. कक्षाचे प्रमुख अपूर्व साहेब तरुण, सभ्य आणि नियमाबाहेर श्वासही न घेणारे होते. भंग झाला की नाही हे ठरवायला सात जणांची समिती बसली होती. जनतेचे प्रतिनिधी म्हणून तीत मधुकररावही होते. खोलीत अंधार केला, भिंतीवर रीनानं काढलेले फोटो टाकले आणि समिती लोकांचा खासगीपणा तपासू लागली.

"हे घर कोणाचं? मोठं करा जरा."

"अजून मोठं करा. ते दोरीवर काय आहे?"

"हे माझं घर आहे, पुढचा फोटो घ्या," मधुकरराव म्हणाले.

दोन तास हे चाललं. बाई भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"बाई, इकडे पाहा. तुमच्यावरच आरोप आहे," अपूर्व साहेब म्हणाले.

"म्हनूनच नाही पाहून राहिली. आतापर्यंत पाह्यलं नव्हतं, आता इथं बसून खरं कशाले करू?"

अडचण अशी झाली की एवढ्या उंचीवरून गच्च्या तुरीच्या दाण्याएवढ्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. समितीनं एकमतानं अभिप्राय दिला: 'फोटो अस्पष्ट असल्याने खासगीपणाचा भंग झाला किंवा कसे, हे ठरविता येत नाही. सबब ड्रोन पुन्हा उडवून सर्व गच्च्यांचे जवळून व स्पष्ट फोटो घेण्यात यावेत.'

"साहेब, अजून खाली आणला तर लोक दगड मारतील," रीना म्हणाली.

"आदेश लेखी आहे," साहेब म्हणाले.

रीनानं लेखी आदेशानुसार ड्रोन खाली आणला. बेसाभर फोन वाजले: सत्यवती दादाजी ठवकर या सध्या आपल्या डोक्यावर आठ मीटर उंचीवर आहेत. या वेळी तक्रारी दोनशे चार झाल्या. 'सदर महिलेस समज देऊनही ती अधिक जवळ आली' असा शेरा मारून कक्षानं ड्रोन जप्त केला, त्याला लाखेचं सील लावलं आणि सरकारी कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवला. रीनाच्या हातात पुढच्या महिन्याची अकरा कामं होती. पहिलं रामटेकच्या लग्नाचं, अवघ्या पंचवीस दिवसांवर. ते गेलं असतं तर बाकीची दहाही त्याच्यामागे गेली असती.

"लग्न चुकलं तर आपल्याले पुन्हा कोण बोलावते, आई?" रिक्षात रीना म्हणाली.

कक्षातून निघता निघता बाईंनी साहेबांना एवढंच विचारलं होतं, "ते डबी तरी बंद करून ठेवता का? माह्यं नाव उगाच ओरडत राहीन."

"डबी बंद करणं गुन्हा आहे, बाई."

"मंग नका करू. मी काय अडानी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता, त्या कपाटाच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, मुख्य लिपिक वसंतराव टेबलावर मान टाकून राष्ट्रकार्यात गढले असता त्यांचा फोन वाजला. 'सत्यवती दादाजी ठवकर या सध्या आपल्या डोक्यावर तीन मीटर उंचीवर आहेत.' वसंतराव ताडकन उठले. समोर फाइल होती. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी ती वाचली. वाचल्यावर सही करण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

डबी दर दहा मिनिटांनी हजेरी लावत होती. दुसऱ्या मजल्यावर कोणाला झोप लागेना. पहिल्या मजल्यावर टेबलाखाली काही सरकवायचं म्हटलं की बाई सहा मीटरवर यायच्या. लोक साडेदहाला येऊन बसू लागले. आठवड्याभरात पाच वर्षांच्या फाइली हलल्या. एका मृत अर्जदाराचं काम पूर्ण झालं आणि त्याच्या नातवाला पेढे घेऊन यावं लागलं. शासकीय इतिहासात एवढी दहशत कोणी पाहिली नव्हती.

शेवटी अठ्ठावीस कर्मचाऱ्यांनी खासगीपणाच्या भंगाचे अर्ज भरले. वसंतरावांनी सातव्या रकान्यात लिहिलं: 'दुपारी दोन ते चार. फोटो सोबत.' फोटो सहकाऱ्यानं काढून दिला होता. चांगला आला होता. नियमानुसार तो फलकावर लागला.

आठव्या दिवशी अपूर्व साहेब वसंतरावांना घेऊन प्लॉट नंबर बेचाळीसवर स्वतः आले. पत्ता शोधावा लागला नाही, फोनमध्ये होताच.

"बाई, तुमचा ड्रोन घेऊन जा."

"सील कोनं लावलं?"

"आम्हीच."

"मंग असं कसं घेऊन जाऊ? तुमचाच नियम हाय नं? पंधरा दिवस फलकावर लावा, कोनाची हरकत हाय का पाहा. मी नियमानं चालनारी बाई आहो."

रीनानं कपाळाला हात लावला. लग्नाला सतरा दिवस उरले होते. पण माज करायची अशी संधी बाईंना सहासष्ट वर्षांत आली नव्हती.

माज अंगाशी आला. फलकावर सूचना लागताच एक हरकत आली, दोनशे सतरा सह्यांची. 'सदर ड्रोन कार्यालयात ठेवल्यापासून कामे होत आहेत. तरी तो तिथेच कायम ठेवावा व असेच ड्रोन सर्व कार्यालयांच्या डोक्यावर ठेवावेत, ही नम्र विनंती.' पहिली सही मधुकररावांची, दुसरी नंदिनीबाईंची. बाईंनी रीनाकडून सगळी नावं वाचून घेतली.

"हे तं तेच लोक होत वं!"

"तेच, आई. तक्रारवाले."

"म्हंजे सत्यवती यायले पायजे, पन दुसऱ्याच्या डोक्यावर."

त्या रात्रभर बाईंनी कूस बदलली आणि सकाळी पातळ नेसून थेट कक्षात गेल्या.

"साहेब, लोकायचं म्हननं मले पटलं. डोक्यावर ड्रोन असला की मानूस सुधरते. मंग एकट्या हापिसानंच काहून सुधरावं? ज्यायनं ज्यायनं सही केली त्यायच्या घरावर एक-एक दिवस ठेवा. सह्याईच्या क्रमानं. जवळून."

अपूर्व साहेबांनी नियमावली चाळली. याला मनाई करणारं कलम कुठेच नव्हतं, आणि जे मना नाही ते करायला त्यांना आदेश लागत नव्हता. दुपारी बारापर्यंत वेळापत्रक फलकावर लागलं. पहिला दिवस, मधुकरराव.

एक वाजता फलकासमोर पेनांची मारामारी सुरू झाली. जो तो आपली सही खोडायला धावत होता. मधुकररावांनी तर 'सदर सही माझ्या नकळत झाली असावी' असं बाजूला लिहून त्यावरही सही केली. चारला हरकत निकालात निघाली. उरलेल्या पंधरा दिवसांची आठवण या वेळी बाईंनीही काढली नाही. पाच वाजता रीना ड्रोन छातीशी धरून जिना उतरली. वसंतरावांनी तो फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिलं आणि परत येऊन मान टेबलावर ठेवली. रामटेकचं लग्न वेळेवर झालं. मंडपातल्या चारशे लोकांच्या डोक्यावर बाई होत्या. सगळे वर पाहून हात हलवत होते.

फक्त एक बाब शिल्लक आहे, ती कार्यालयीन शिस्तीसाठी इथे नोंदवणं भाग आहे. दोनशे सतरापैकी दोनशे सोळा सह्या खोडल्या गेल्या. शेवटची तशीच आहे. अक्षर लागत नाही. वसंतरावांची झोप उडाल्याचं वाचताना जो मनात म्हणाला होता, 'हे असंच पाहिजे सगळ्या ऑफिसांवर', त्याची असावी. बाईंना नाव वाचता आलेलं नाही, पण त्या नियमानं चालणाऱ्या आहेत आणि एका दिवसाची पाळी अजून द्यायची बाकी आहे.

तेव्हा एकदा फोन पाहून घ्या. आणि गच्चीवरचं काही आवरायचं असेल, तर तेही.