बाबांच्या बुटावरचा डाग

माझ्या हातून कधी काही हरवत नाही! मी मूळचा ट्रॉम्सोचा, शिकायला कोपनहेगनला. पत्रकारितेच्या वर्गात आमचे सर म्हणतात, "हा आयविन दोनदा खात्री केल्याशिवाय स्वतःचं नावसुद्धा लिहीत नाही." तेव्हा हिवाळी सुट्टीतला दौरा मी कसा आखला असेल बघा! पाच दिवस, तीन शहरं, एक पिशवी आणि बाबांचे बूट.

बूट बाबांना न विचारता आणले होते. काळे, आत मेंढीची लोकर, डाव्या चवड्यावर जळल्याचा डाग. तो डाग म्हणजे आमच्या घराण्याची शान! बाबा तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर असताना वादळात पेटती शेगडी घरंगळली, बाबांनी ती लाथेने समुद्रात उडवली. अकरा माणसं वाचली! शेवटच्या दिवशी हेलसिंकीला आत्याकडे बाबा भेटणार होते. तिथे बूट सुखरूप परत करायचे, नाहीतर माझी खैर नव्हती.

पहिलं शहर गोथेनबर्ग. मित्राकडे, तोर्केलकडे, मेजवानी. दाराशी वीस जोड, वीसही काळे. मी माझे डावीकडून तिसरे ठेवले आणि तसं वहीत टिपलं! आत शेगडीची गोष्ट तीनदा सांगितली. निघताना वही पाहिली, डावीकडून तिसरे घातले, झालं!

सकाळी स्टॉकहोमच्या गाडीत बूट का चावतायत म्हणून खाली पाहिलं. डाग नाही! घाबरून मान वर केली, तर समोरच्याच बाकावर मेजवानीतला सिक्स्टन. त्याच्या डाव्या चवड्यावर आमच्या घराण्याची शान!

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. तीन तास! आता भरगच्च डब्यात परक्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाबा रे, बूट काढ? स्टॉकहोमला उतरताना तो म्हणाला, "आज थंडी कमी आहे."

"हो, बरीच कमी," मी म्हणालो. आणि घराण्याची शान गर्दीत दिसेनाशी झाली.

मी तोर्केलला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "अरे, बूट मी मापाप्रमाणे लावून ठेवले होते. नीट दिसावेत म्हणून!"

"मग काल कोणी तक्रार नाही केली?"

"छे! कोणी अनवाणी गेलं नाही. अजून काय पाहिजे?"

त्याच्याकडून नंबर घेऊन सिक्स्टनला निरोप पाठवला. उत्तर आलं: "गाडीतच लक्षात आलं होतं. पण तू शांत दिसलास. उगाच कशाला त्रास द्यायचा? आता मी उमेओच्या गाडीत आहे."

स्टॉकहोम मी लंगडत पाहिलं. हेलसिंकीच्या बोटीवर माफीचं भाषण पाठ केलं. आत्याने दार उघडलं, "आलास? बूट काढ आणि आत ये." मागे बाबा. त्यांनी बूट उचलून उलटेपालटे करून पाहिले. मला राहवेना!

"बाबा, चुकलो! ज्या बुटाने तुम्ही शेगडी उडवलीत, तोच मी..."

"कुठली शेगडी?"

"बोटीवरची! त्या डागाची!"

"डाग आधीपासूनच होता," बाबा म्हणाले. "बर्गनला एका लग्नात कोणीतरी माझे बूट घालून गेलं. उरले ते मी घातले. पंचवीस वर्षं झाली."

"मग कोणाला विचारलं नाहीत?"

"असं कसं विचारणार?"

आत्या हसत सुटली. "आणि हा बोटीवर कधी होता रे? बंदरावरच्या कचेरीत कारकून होता! बोट लागते त्याला. इथेही विमानाने आलाय! तुला कोणी सांगितली ही गोष्ट?"

तिसरीत 'माझे बाबा' हा निबंध मीच लिहिला होता. पहिला नंबर आला होता!

बाबांनी सिक्स्टनचे बूट घालून दोन पावलं टाकली. "छान बसतात," ते म्हणाले आणि तेच घालून ट्रॉम्सोला गेले.

त्याच दिवशी सिक्स्टनचा निरोप आला: "तुझे बूट पाठवू का? मला तरी फार आवडलेत. आणि त्या दिवशी गोष्ट अर्धवट ऐकली. शेवटी माणसं किती वाचली?"

मी दोनदा विचार केला आणि लिहिलं, "बूट तूच ठेव. चौदा!"