शिर्केभाऊंची पाटी

आमच्या समोरच्या दारावर नावाची पाटी नाही. तिथे शाळेतली दगडी पाटी टांगलीय. तिच्यावर खडूने लिहिलेलं, "रागाविना दिवस", आणि पुढे आकडा.

शिर्केभाऊ केमिकलच्या कारखान्यात सेफ्टीला होते. तिथल्या गेटावर अपघाताविना किती दिवस गेले ते लिहायचे. अपघात झाला की शून्य. तीच रीत त्यांनी घरी आणली. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं की सत्तरीचा माणूस खडूने बदलत नाही. म्हातारपणी गुडघे तेवढे बदलतात, तेही डॉक्टरने बदलले तर.

भाऊंचा आवाज म्हणजे भोंगा. भाजीवालीने तराजू वाकडा धरला, "चालणार नाही!" कुणी ओल्या हाताने बटण दाबलं, "चालणार नाही!" बायको गेली तेव्हा तिरडीच्या गाठी ढिल्या म्हणून खांदेकऱ्यांनाही झापलं.

नातवाच्या बारशाला मात्र हद्द झाली. मुलगी मीनल सुरतेला दिलेली. पाळण्याची दोरी तपासायला भाऊ स्टुलावर चढले आणि भरल्या घरात ओरडले की, ही गाठ बांधणाऱ्याला मी गेटाच्या आत घेतला नसता. गाठ व्याह्यांनी बांधली होती.

मीनलने तेव्हा पाहुणे सांभाळले. नंतर फोनवर सांगितलं, तीस दिवस न ओरडता काढा, मग बाळाला घेऊन येते. म्हणून ही पाटी. पाटीवर तिचा विश्वास नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी मला फोन. "काकू, आज किती?"

चार महिने आकडा सहाच्या वर गेला नाही. बिल्डिंगला फुकटची करमणूक. मीही हसून घेतलं.

मग कसे कोण जाणे, भाऊ अठ्ठावीसवर पोचले. तोंड कुकरसारखं फुगलेलं, पण शिट्टी नाही. हॉलमध्ये पाळणा टांगला. दोरी नाही, साखळी. त्यात दहा किलो गहू ठेवून रोज सकाळी झोका देऊन बघायचे. रिकाम्या घरात म्हातारा गव्हाला झोके देतोय.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी माझ्याकडून लिफ्टची जाळी उघडी राहिली.

"वहिनी, जाळी कोण लावणार? अक्कल गावाला गेलीय?"

जिना दणाणला. मग भाऊ एकदम पाटीकडे वळले. बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, "भाऊ, राहू द्या. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी काही ऐकलं नाही."

"मी ऐकलं ना," ते म्हणाले. बाहीने अठ्ठावीस पुसले आणि शून्य काढलं. वाकडंच आलं.

संध्याकाळी मीनलचा फोन. "काकू, उद्या एकोणतीस ना?"

मी शून्य सांगितलं. जाळीचं सांगितलं, माझ्या कानाचंही सांगितलं.

"बाबांनी स्वतः पुसलं?"

"मी नको म्हणत असताना."

रविवारी ती बाळाला कडेवर घेऊन दारात उभी. पाटीवर तीन होते. भाऊ आत घ्यायचं सोडून पाटी दाखवत राहिले. "अजून सत्तावीस बाकी आहेत गं."

"इथे राहून मोजते," ती म्हणाली आणि पाळण्यातले गहू बाहेर काढायला लागली.

म्हातारपणी माणूस बदलत नाही, हे माझं मत कायम आहे. लिफ्टची जाळी मात्र मी हल्ली दोनदा ओढून बघते.