सतरा गाड्या रिजेक्ट

आमच्या रहाटणीच्या सोसायटीतल्या शेळके भाऊजींनी आजवर एकही गाडी घेतलेली नाही. रिजेक्ट मात्र सतरा केल्यात.

चाकणच्या एका कंपनीत ते ब्रेकचे सुटे भाग तपासतात. नापास भागाला लाल टॅग लावायचा, हे तीस वर्षांचं काम. आता कोथिंबिरीची जुडीही उलटी करून बघतात आणि "टॉलरन्सच्या बाहेर आहे" म्हणत भाजीवाल्याला परत देतात. शोरूममध्ये जाताना खिशात व्हर्नियर असतो. त्यानं दाराची फट मोजायला लागले की सेल्समनला घाम फुटतो.

त्यांच्या वहीत छोट्या एसयूव्हींचे तीन रकाने आहेत: किंमत, ताकद, मायलेज. जिची किंमत परवडते तिला घाटात दम लागतो. जिच्यात दम आहे ती पेट्रोल पिते. जी कमी पिते तिची किंमत ऐकून भाऊजी पाणी पितात.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांची बायको, सुमनताई, दोन महिने अंबाजोगाईला भावाकडे अडकून पडल्या होत्या. तिथं असतानाच मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, एसटी नाही, कारनंच न्या.

"भाड्याची करा," मी म्हटलं.

"तिचे ब्रेक कुणी तपासलेत?"

शेवटी सुमनताईंचाच मला फोन आला. "ताई, त्यांना सांगा, या आठवड्यात गाडी आली नाही तर मी मतदान कार्ड इथलं काढते." म्हणाल्या हसत, पण फोन ठेवण्याआधी "याच आठवड्यात" असं पुन्हा दोनदा बजावलं.

मी चाकणच्या कंपन्यांना डबे पुरवते, व्हॅन स्वतः चालवते. गुरुवारी दुपारी डबे टाकून भाऊजींना उचललं आणि शोरूममध्ये नेऊन बसवलं.

लगेच मिळेल अशी एकच गाडी होती, पांढरी. दुसरी हवी तर तीन महिने थांबा. शेजारच्या सोफ्यावर एक गृहस्थ चेकबुक घेऊन तिच्याचसाठी बसले होते. सेल्समन म्हणाला, "काका, पाचपर्यंत सही करा. नंतर मी त्यांना नाही म्हणू शकत नाही."

सव्वाचार झाले होते. भाऊजींनी वही उघडली.

"अठराचं मायलेज एसी लावून का बंद?"

"काका, रस्त्यावर अवलंबून असतं."

"म्हणजे माहीत नाही." त्यांनी पेन्सिल उचलली.

"भाऊजी, ती पेन्सिल खाली ठेवा," मी म्हटलं. सोफ्यावरचे गृहस्थ पुढे सरकून बसले.

साडेचारला टेस्ट ड्राइव्ह. किल्ली भाऊजींनी माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा." स्वतः डाव्या सीटवर बसले. पिशवीतून स्टीलचा पेला काढला, बाटलीतलं पाणी काठोकाठ ओतलं आणि तो तळहातावर धरला. सेल्समन मागून बघतच राहिला.

सर्व्हिस रोडच्या पहिल्याच स्पीड ब्रेकरवर अर्धं पाणी त्यांच्या पँटवर. संपलं, मी मनात म्हटलं. अठरावी.

"वळवा," ते म्हणाले. पेला परत भरला. "त्याच ब्रेकरवरनं. हळू."

पावणेपाच. मागे ट्रक हॉर्न मारतोय, आणि मी मुंगीच्या पावलानं ब्रेकर चढतेय. पाणी काठाशी थरथरलं, पण सांडलं नाही.

"स्पीड किती होता?"

"दहा."

"पास," भाऊजी म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी हा शब्द कंपनीबाहेर वापरला असेल असं मला वाटत नाही.

पाचला तीन मिनिटं कमी असताना सही झाली. सोफ्यावरचे गृहस्थ चेकबुक खिशात घालून उठून गेले.

पार्किंगमध्ये मी जरा चिडूनच म्हटलं, "अहो, प्रत्येक ब्रेकरला दहानं गेलात तर पोचाल कधी? अंबाजोगाईपर्यंत ब्रेकर किती आहेत, माहीत आहे का?"

"एकशे चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "रविवारी तिला भेटून येताना एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसून मोजलेत. दोन तास जादा धरलेत. तिला सांगितलंय, डबा घेऊन बस."