दळवीकाकांचं आपसूक

चित्र काढायला बसले की दळवीकाका हातातला ब्रश बाजूला ठेवायचे आणि वर बघायचे. वर, तिसऱ्या मजल्यावर, जोशीकाकूंची कपड्यांची दोरी. काकूंच्या नव्या साडीचा रंग जातोय अशी कुणकुण लागली, की काका तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून कॅनव्हास आणून बरोब्बर तिच्याखाली अंथरत.

"काकू, ती जांभळी पिळू नका हां! तशीच टाका!"

काकूंनी पुढे आठवडाभर नुसत्या पांढऱ्या चादरी वाळत घातल्या.

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधे रंगीत टीव्ही नुकतेच येत होते, तेव्हाची ही गोष्ट. काका मूळचे मालवणचे, एकटेच. कापडगिरणीत साड्यांच्या काठांची डिझाइनं करण्यात उमेदीची वर्षं गेली. एक कुयरी दुसरीहून तसूभर वेगळी चालायची नाही. संपात गिरणी बंद पडली आणि काकांनी ठरवलं, आता आपण काही ठरवायचं नाही. मग कॅनव्हासवरून कावळे चालले, मुलांच्या सायकली गेल्या, एकदा तर दूधवाला घसरला. कोणी चित्राची तारीफ केली की काका हात झटकायचे. "मी नाय काढूक. ता आपसूक झाला."

माझ्या लग्नात त्यांनी असंच एक चित्र दिलं. जांभळे ओघळ, मधून कावळ्याची पावलं. आईने विचारलं, "कोणी सांडलं रे?" पण माझ्या बायकोने, नंदाने, ते हौसेने हॉलमधे लावलं.

पुढच्या रविवारी काका हजर. चित्राला नाक लावून म्हणाले, "ओला असा अजून. वाळताना रंग बदलतत. बघूक व्हया." चहा झाला. त्याच्या पुढच्या रविवारीही चित्र ओलंच होतं. पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी ओलंच! नंदा रविवारी न विसरता कोथिंबीरवडी करायला लागली.

एकदा मी सहज चित्रावर बोट फिरवलं. "काका, हे तर खडखडीत वाळलंय!"

नंदाने माझ्याकडे असं बघितलं की बस.

काकांनी कप खाली ठेवला. "पयल्याच आठवड्यात वाळला होता," ते हळूच म्हणाले. "पण मगे आयतवारी जाऊ खंय?"

नंदाने त्यांच्या बशीत आणखी दोन वड्या वाढल्या. "काका, समोरची भिंत अगदीच ओकीबोकी दिसते. दुसरं चित्र कधी करायला घेताय?"

काका उठले. भिंतीला वीत लावून मोजू लागले, या टोकापासून पार खिडकीपर्यंत.

"मोठा करूया, गो," ते म्हणाले. "मोठा वाळूक लय टाइम लागता."